जुन्या टू-इन-वनच्या व्हॉल्यूमची खरखर : फवारावे, उघडावे की बदलावे?

पितळी_खुंटी

नमस्कार. माझ्याकडे १९८० च्या दशकातला, कॅसेट आणि रेडिओ दोन्ही असलेला, दोन स्पीकरांचा एक उचलता येण्याजोगा स्टिरिओ संच आहे. त्याचे रबरी पट्टे मी मागेच बदलले, हेड आणि पिंच रोलर स्वच्छ केले, त्यामुळे टेप आता न रडता चालतो. दुखणे उरले आहे ते व्हॉल्यूमच्या नॉबचे. नॉब फिरवला की वाळू चाळल्यासारखी खरखर येते, उजवीकडून थोडी आणि डावीकडून पुष्कळ. शिवाय नॉब एक आणि दोन या आकड्यांच्या मध्ये असला की डावा स्पीकर पूर्ण गप्प बसतो, आणि नॉबला बोटाने किंचित कडेला रेटले की पुन्हा बोलू लागतो. रात्री मी नेमका तेवढ्याच आवाजात ऐकत असल्यामुळे हा दोष फार जाणवतो.

माझ्यासमोर तीन मार्ग दिसतात : आत काही फवारून स्वच्छ करणे, व्हॉल्यूम कंट्रोल उघडून हाताने साफ करणे, किंवा तो सरळ बदलणे. मल्टिमीटर माझ्याकडे आहे. सोल्डरिंग जमते, पण हात सफाईदार आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कोणत्या क्रमाने जावे ते सांगावे.

सरळसोट

फवारा, वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि गाणे ऐका. दहापैकी नऊ संचांचा आजार एवढाच असतो.

तारयंत्र

सरळसोट यांच्याशी मी सहमत आहे, फक्त काय फवारायचे ते त्यांनी सांगितले नाही आणि घोळ तिथेच होतो. घरात दिसणारा पहिला निळा डबा म्हणजे डब्ल्यूडी-४०, आणि बहुतेकांचा हात तिकडेच जातो. १९५३ साली तो पदार्थ तयार झाला तो धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातली दोन अक्षरे पाणी हटवण्याची आहेत आणि ४० हा आकडा जमलेल्या प्रयोगाचा आहे. त्या मूळ डब्यातला द्रव उडून गेल्यावर मागे तेलाचा पातळ थर राहतो. बिजागरीला तो हवाच असतो. व्हॉल्यूम कंट्रोलच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर मात्र त्याच थरात धूळ अडकते आणि काही महिन्यांत चिकट काळा लेप तयार होतो. मी स्वतः हे करून एका सरकत्या व्हॉल्यूमची वाट लावली आहे, म्हणून अधिकाराने बोलतो आहे.

इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठी मिळणारा, प्लास्टिकला इजा न करणारा काँटॅक्ट क्लीनर वापरावा. डिऑक्सिटसारख्या क्लीनरमध्ये कार्बन पट्टी आणि सरकत्या कंट्रोलसाठी वेगळा, वंगणयुक्त प्रकारही येतो. तो मिळाला तर उत्तमच. काहीच मिळाले नाही तर ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, पण ते वंगणही धुऊन नेते हे लक्षात असू द्यावे. ॲसिटोन किंवा थिनर संचाच्या जवळही आणू नये, कारण डायलची काच आणि नॉब बहुधा त्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकचे असतात.

पितळी_खुंटी

धन्यवाद. फवारणी नेमकी कुठून करायची? समोरून नॉब काढून दांड्याच्या फटीतून केली तर संच उघडावा लागणार नाही, असे वाटले.

तारयंत्र

तसे करू नका. दांड्याच्या बेचक्यात घट्ट ग्रीस भरलेले असते. नॉब फिरवताना हाताला जो जडपणा जाणवतो तो त्या ग्रीसमुळे असतो. समोरून फवारले की ते ग्रीस पातळ होऊन आत पट्टीवर उतरते आणि नॉब पाण्यातल्या भोवऱ्यासारखा सैल फिरू लागतो. पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोलच्या, मागच्या बाजूला, जिथे पाय बाहेर येतात तिथे, एक फट असते. त्या फटीत नळी टेकवून एक लहानसा फवारा पुरे. ओतू नये. पंचवीस-तीस वेळा पूर्ण फिरवून घ्यावे, कापडाने ओघळ टिपावेत आणि सगळे वाळेपर्यंत वीज जोडू नये.

जुनी_कॅसेट

संच उघडण्याबद्दल कोणी लिहिले नाही आणि माझ्या अनुभवात निम्मे नुकसान तिथेच होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

प्रथम सेल काढावेत आणि विजेची वायर भिंतीतून काढावी. दोन्ही, कारण यातले एकच करणारे लोक मी पाहिले आहेत. मागच्या झाकणाचे स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून कागदावर संचाची मागची बाजू काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवावा. सगळे स्क्रू निघाले तरी झाकण हलत नसेल तर ओढाताण करू नये. एखादा स्क्रू सेलच्या कप्प्यात असतो, कधी हँडलच्या सांध्याखाली, कधी कॅसेटच्या दाराआड. झाकण सुटल्यावर ते पुस्तकाच्या पानासारखे हळूच कलते करावे, कारण अँटेनाची आणि कधी सेलच्या कप्प्याची वायर त्याला जोडलेली असते आणि ती मुद्दाम आखूड ठेवलेली असते.

खरा धोका ट्यूनिंगच्या, म्हणजे स्टेशन लावताना डायलचा काटा सरकवणाऱ्या, दोऱ्याचा आहे. बऱ्याच संचांत व्हॉल्यूम कंट्रोल बाहेर काढायला ट्यूनरची पाटी (सर्किट बोर्ड) सरकवावी लागते आणि तो दोरा कप्प्यांवरून निसटतो. मी एकदा तो निसटू दिला, आणि कुठल्या कप्पीवरून किती वेढे जातात हे शोधण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. तेव्हापासून पहिला स्क्रू काढण्याआधी, आणि नंतर प्रत्येक थर निघाल्यावर, मी फोटो काढते. दोऱ्याचे फोटो तर दोन कोनांतून काढते.

आणखी एक. सेलच्या कप्प्यात पांढरा किंवा हिरवट थर असेल तर तो आधी साफ करावा. अल्कलाइन सेलमधून गळणारा पदार्थ अल्कधर्मी असतो, त्यामुळे पातळ व्हिनेगरने तो मारावा, मग ओल्या कापडाने पुसून अल्कोहोलने कोरडा करावा. तो ओलावा वायरीच्या आतून चढत पाटीपर्यंत गेल्याचे मी पाहिले आहे.

मुकाट_श्रोता

माझा उपाय सर्वांत स्वस्त आहे. नॉब एकदा तीनवर ठेवायचा आणि पुन्हा कधीही हात लावायचा नाही. आवाज कमी हवा असेल तर संचापासून लांब बसायचे.

सरळसोट

मुकाट_श्रोता, तुमच्या घरी रिमोट कंट्रोल म्हणजे खुर्चीची चाके असणार.

अर्धविराम

मला घाईने फवारणी करण्याला थोडा विरोध नोंदवायचा आहे. क्लीनर वाईट असतो म्हणून नाही. तो पुरावा धुऊन टाकतो म्हणून. फवारण्याआधी एक साधी चाचणी करावी, तिला काहीही उघडावे लागत नाही. संच टेपच्या बाजूला ठेवा, कॅसेट थांबलेली असू द्या, म्हणजे स्पीकरमध्ये गाणे नाही, फक्त हलकी सूं आहे. आता नॉब फिरवा. पट्टी नुसती मळलेली असेल तर गाणे चालू असताना आवाज तुटक येतो, पण गाणे नसताना तोडायला काही नसल्यामुळे जवळजवळ शांतता असते. गाणे नसतानाही तेवढीच जोरदार खरखर येत असेल, तर पट्टीवर जिथे नको तिथे डीसी दाब, म्हणजे न हलणारा स्थिर व्होल्टेज, येतो आहे असा संशय घ्यावा. हा नियम दरवेळी लागू पडतो असे नाही, पण दिशा चांगली दाखवतो.

पितळी_खुंटी

अर्धविराम, तुमचा प्रतिसाद मी काम उरकून आल्यावर वाचला. संच उघडला, दोरा शाबूत राहिला (जुनी_कॅसेट यांचे मनापासून आभार, दोन कोनांतले फोटो खरोखरच उपयोगी पडले), मागच्या फटीतून क्लीनर मारला, तीस वेळा फिरवले. खरखर जवळपास गेली. डावा स्पीकरही बोलतो आहे. सर्वांचे आभार. माझ्या बाजूने विषय संपला असे समजतो.

सरळसोट

दहापैकी नऊ.

तारयंत्र

विषय संपला असला तरी पुढे शोधत येणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. व्हॉल्यूम कंट्रोल म्हणजे काय आहे हे डोळ्यांसमोर असेल तर अर्धे निदान लक्षणांवरूनच होते.

आत घोड्याच्या नालेच्या आकाराची कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून नॉबबरोबर फिरणारा धातूचा वायपर असतो. पट्टीच्या एका टोकाला मागच्या टप्प्यातून आवाजाचा सिग्नल येतो, दुसरे टोक ग्राउंडला जोडलेले असते, आणि वायपर जिथे असेल तिथला वाटा उचलून पुढच्या ॲम्प्लिफायरला देतो. स्टिरिओमध्ये अशा दोन पट्ट्या एकाच दांड्यावर, एकीमागे एक बसवलेल्या असतात.

आता लक्षणे पाहा. ग्राउंडकडचा सांधा तुटला तर आवाज कमीच होत नाही, नॉब शून्यावर आणला तरी संच ओरडतच राहतो. सिग्नलकडचा तुटला तर त्या बाजूला आवाज नाही. वायपरचा संपर्क सुटला तरी आवाज जातो, पण तो बहुधा येत-जात राहतो आणि हात लावला की गुरगुरतो. फक्त एकाच बाजूला दोष असेल तर तो त्या बाजूच्या पट्टीत किंवा तिच्या अलीकडे-पलीकडे शोधावा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी सारखाच दोष दिसला, तर दोन्हींना समाईक असलेल्या गोष्टीकडे, म्हणजे ग्राउंड किंवा वीजपुरवठ्याकडे, बघावे.

पितळी_खुंटी

तीन आठवड्यांनी परत आलो आहे, थोडा ओशाळून. खरखर परतली. सुरुवातीएवढी नाही, पण डावीकडे रोज थोडी वाढते आहे. एक आणि दोनच्या मधला मुकेपणाही पुन्हा सुरू झाला. अर्धविराम यांची चाचणी आता केली : कॅसेट थांबलेली असताना नॉब फिरवला तर उजवी बाजू शांत असते आणि डावीकडून स्पष्ट खरखर येते.

अर्धविराम

मग मल्टिमीटर बाहेर काढा. संच चालू, टेपच्या बाजूला, गाणे बंद. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी तार ग्राउंडला लावा आणि लाल तार पॉटच्या प्रत्येक पायाला एकेक करून टेकवा. टोक निसटून दोन पाय एकमेकांना चिकटणार नाहीत एवढे सांभाळा. चांगल्या अवस्थेत सगळीकडे शून्य किंवा काही मिलिव्होल्ट दिसायला हवेत.

कारण असे आहे. मागच्या टप्प्याच्या बाहेर आवाजाच्या सिग्नलबरोबर काही व्होल्टांचा स्थिर दाबही असतो. तो पुढे जाऊ नये म्हणून मधे एक कपॅसिटर ठेवलेला असतो, जो हलणारा सिग्नल जाऊ देतो आणि स्थिर दाब अडवतो. या जागी बहुधा लहान इलेक्ट्रोलिटिक असतो आणि वयोमानाने तो गळू लागतो, म्हणजे थोडासा डीसी पलीकडे सोडतो. तो पट्टीवर येतो, आणि वायपर खडबडीत पृष्ठभागावरून सरकताना प्रत्येक उडीला त्या दाबाचा एक झटका पुढे जातो. आपल्याला ऐकू येते ती खरखर त्याची. वायपरच्या पुढेही असाच एक कपॅसिटर असू शकतो आणि तो गळला तर दाब उलट्या दिशेने येतो, म्हणून मधला पायही मोजायला सांगितले. क्लीनर मारल्यावर पृष्ठभाग नितळ होतो, उड्या कमी होतात, काही दिवस बरे वाटते. दाब मात्र जिथल्या तिथे असतो.

सरळसोट

तुमचे शास्त्र बरोबर असेल, पण मला या कपॅसिटरप्रकरणाची धास्ती वाटते. जुना संच हाती आला की पिशवीभर कपॅसिटर आणायचे आणि पाटीवरचा एकूण एक बदलायचा, अशी एक साथ आली आहे. जुन्या संचांची पाटी बहुधा कागदी थरांची असते, तिच्यावरचे तांब्याचे पट्टे जरा जास्त उष्णता लागली की पापुद्र्यासारखे सुटतात. चाळीस कपॅसिटर बदलताना नवशिक्याच्या हातून चार पट्टे सुटणारच. आधी एक दोष होता, नंतर पाच होतात, आणि मग तो संच माझ्यासारख्याकडे खोक्यात भरून येतो.

अर्धविराम

या बाबतीत आपले मत एकच आहे. मी चाळीस बदला असे म्हटलेले नाही. मोजा, आणि दोषी ठरला तेवढाच बदला.

चौथा_पाय

पॉट बदलायची वेळ आलीच तर एक गोष्ट आधी पाहून ठेवा, माझे सदस्यनाम त्याच चुकीची आठवण आहे. माझ्या संचातल्या पॉटच्या प्रत्येक पट्टीला तीनऐवजी चार पाय होते. चौथा पाय जास्तीचा, आधारासाठी असेल, असे समजून मी साधा तीन पायांचा पॉट बसवला. खरखर गेली, पण कमी आवाजात गाण्यातला ढोलकीचा खालचा घुमारही गेला. सगळे गाणे टेलिफोनवरून ऐकल्यासारखे पातळ झाले.

तो चौथा पाय लाउडनेससाठी असतो. आवाज लहान झाला की आपला कान खालचे सूर मधल्या सुरांच्या मानाने फार कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली याचे आलेख प्रसिद्ध केले आणि नंतरच्या ध्वनियंत्रांनी त्याची भरपाई करण्याच्या युक्त्या काढल्या. पट्टीच्या मध्यावर एक जोड काढून त्याला रोधक आणि कपॅसिटर लावले की नॉब खाली आल्यावर खालचे सूर आपोआप थोडे वर राहतात. रात्री हळू ऐकणाऱ्याला तर तो पाय सर्वांत महत्त्वाचा.

रेषाखंड

त्याच वाटेवरचा दुसरा खड्डा म्हणजे पट्टीचा प्रकार. व्हॉल्यूमला लॉग (लॉगरिदमिक) प्रकारचा पॉट लागतो, लिनियर, म्हणजे नॉबच्या सरळ प्रमाणात बदलणारा, नव्हे. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि लिनियर पॉट निम्म्यावर आणला तरी व्होल्टेज निम्मे, म्हणजे फक्त ६ डेसिबलची घट होते. परिणामी सगळा फरक नॉबच्या पहिल्या बोटभर अंतरात उरकतो आणि पुढचा प्रवास नुसता व्यायाम. लॉग पॉट मध्यावर साधारण दहा ते पंधरा टक्केच सिग्नल देतो, म्हणून कानाला बदल सारखा वाटतो.

जपानी पद्धतीच्या सुट्या भागांवर 'ए' म्हणजे लॉग आणि 'बी' म्हणजे लिनियर, पण काही जुन्या युरोपीय भागांवर 'ए' म्हणजे लिनियर असते. अक्षरावर विश्वास न ठेवता नॉब मध्यावर आणून वायपर आणि दोन्ही टोकांमधला रोध मोजावा. दोन्ही निम्मे आले तर तो लिनियर. हे मोजमाप पॉट पाटीवरून सुटा असताना करावे, नाहीतर आजूबाजूचे भाग आकडा बिघडवतात.

लॉग मिळतच नसेल तर एक तोडगा आहे. १०० किलोओहमच्या लिनियर पॉटच्या वायपर आणि ग्राउंडमध्ये १५ किलोओहमचा रोधक जोडावा. गणित केले तर मध्यावर साधारण १९ टक्के सिग्नल मिळतो, म्हणजे १४.५ डेसिबलची घट. अस्सल लॉगइतके नाही, पण ऐकण्याजोगे होते. मात्र पूर्ण आवाजाला मागच्या टप्प्यावर १०० ऐवजी सुमारे १३ किलोओहमचे ओझे पडते आणि ते त्याला पेलले पाहिजे.

पितळी_खुंटी

मोजले. उजव्या पट्टीच्या सिग्नलकडच्या पायावर ३ मिलिव्होल्ट. डाव्या पट्टीच्या त्याच पायावर ४१० मिलिव्होल्ट! दोनदा तपासले, तेवढेच. तिथून पाटीवरचा पट्टा मागे धरत गेलो तर ४.७ मायक्रोफॅरडच्या एका लहान इलेक्ट्रोलिटिकपाशी पोचलो, त्याच्या पलीकडे ४ व्होल्टांच्या आसपास दाब आहे. उजव्या बाजूला तसाच जुळा कपॅसिटर आहे, तो ठणठणीत दिसतो.

अर्धविराम

सापडला. नवा लावताना धन टोक जास्त दाबाच्या बाजूला, म्हणजे मागच्या टप्प्याकडे ठेवा. क्षमता तीच घ्या, व्होल्टची मर्यादा मूळच्याइतकी किंवा जास्त असली तरी चालते. जुळा भाऊही त्याच वयाचा आहे, त्यामुळे दोन्ही बदलले तर सरळसोट यांना राग येणार नाही अशी आशा करतो.

सरळसोट

दोनपर्यंत माफ.

तारयंत्र

काढताना आधी जुन्या सांध्यावर थोडे ताजे सोल्डर लावा. विचित्र वाटते, पण जुने वितळायला त्यानेच मदत होते आणि पाटी कमी तापते. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकवू नका. एक पाय सैल केला की दुसरा, असे आलटून पालटून तिरके करत काढा. खिडकी उघडी असू द्या.

शिसपेन्सिल

पट्टी झिजली असेल तर तिच्यावर मऊ पेन्सिलीने गिरवायची युक्ती कोणी करून पाहिली आहे का? ग्राफाइट म्हणजे कार्बनच, मग चालायला हवे.

तारयंत्र

चालते आणि चालत नाही. पेन्सिलीत ग्राफाइटबरोबर माती आणि थोडे मेणही असते, पट्टीचा रोध जागोजागी बदलतो, आणि वायपर ती भुकटी खरवडून पुढे ढकलतो. दुर्मीळ पॉट असेल आणि दुसरा उपायच नसेल तर तात्पुरते करावे. त्याहून बरा मार्ग असा की पॉट उघडल्यावर वायपरची बोटे केसभर बाजूला वाकवावीत, म्हणजे ती न झिजलेल्या कोऱ्या वाटेवरून चालू लागतात. पॉटच्या कवचाचे पत्र्याचे कान एकदा सरळ करून पुन्हा दुमडण्याइतकेच मजबूत असतात, तिसऱ्यांदा बहुधा तुटतात. आणि खोडरबर किंवा पॉलिश पेपर पट्टीवर अजिबात फिरवू नये.

मुकाट_श्रोता

दोन पट्ट्या एका दांड्यावर बसवायची ही भानगडच नको होती. १९७९ साली आलेल्या पहिल्या वॉकमनला डाव्या-उजव्या कानांसाठी दोन वेगळे सरकते व्हॉल्यूम होते. ज्याला जेवढे ऐकायचे तेवढे त्याने ऐकावे.

चौथा_पाय

आणि सरकते म्हणजे वरून कायम उघडी फट. त्या फटीत धूळ जाऊ नये म्हणून आत फोमची पट्टी लावतात, आणि काही वर्षांनी तो फोमच चुरा होऊन पट्टीवर पडतो.

पितळी_खुंटी

दोन्ही कपॅसिटर बदलले. डाव्या पायावर आता २ मिलिव्होल्ट आहेत. खरखर गेली, आणि या वेळी क्लीनरने जाते तशी नाही; कॅसेट थांबवून, कान स्पीकरला लावून नॉब फिरवला तरी काही ऐकू येत नाही.

पण एक आणि दोनच्या मधला डावा स्पीकर अजून गप्पच. म्हणजे पट्टी तेवढ्या भागात झिजलेली असणार. नवा पॉट मागवला आहे.

जुनी_कॅसेट

थांबा. तुमचा पहिला प्रतिसाद मी आज पुन्हा वाचला. नॉबला कडेला रेटले की डावी बाजू बोलते, असे तुम्ही तिथेच लिहिले होते आणि आम्ही सगळे खरखरीच्या मागे लागलो. पट्टी झिजली असेल तर नॉब किंचित फिरवल्यावर फरक पडायला हवा, रेटल्यावर इतका पडायचे कारण नाही. मला वेगळा संशय आहे. या पॉटला बहुधा पाटीवरच्या सोल्डरशिवाय दुसरा आधार नसतो. नॉब ढकलल्याचा, ओढल्याचा, संच आपटल्याचा सगळा जोर वर्षानुवर्षे त्या सांध्यांवर येतो आणि पायाभोवती सोल्डरला केसासारखी गोल भेग पडते.

आणि तो मुकेपणा एक-दोनच्या मध्येच असतो हे तुम्ही नक्की तपासले आहे, की तुम्ही रात्री तिथेच ऐकता म्हणून तिथेच दिसला? आवाज मोठा असला की पेटी थरथरते आणि भेगेची दोन्ही टोके एकमेकांना टेकत राहतात. नॉब पाचवर ठेवा, हेडफोन लावा, म्हणजे स्पीकरची थरथर मधे येणार नाही, आणि नॉब न फिरवता चारही दिशांना हलकेच रेटून पाहा.

पितळी_खुंटी

रेटला. पाचवरही खालच्या दिशेला रेटले की डावी बाजू जाते, वर उचलले की येते. आठवरही तेच. पट्टी झिजल्याचा शोध मी मनानेच लावला होता.

पाटी उलटी करून भिंगातून पाहिले. डाव्या पट्टीच्या वायपरच्या पायाभोवती करडी गोल रेघ आहे, आणि नॉब हलवला की तो पाय सोल्डरच्या आत श्वास घेतल्यासारखा हलतो. नुसत्या डोळ्यांनी मला ती रेघ सावली वाटली होती.

तारयंत्र

जुनी_कॅसेट, मी एवढी लांबलचक लक्षणे लिहिली, 'वायपरचा संपर्क सुटला तर आवाज येत-जात राहतो' हेही लिहिले, आणि तरी तो संपर्क पॉटच्या बाहेर सुटू शकतो हे मला सुचले नाही. पितळी_खुंटी, जुने सोल्डर ओढून घ्या, पाय अल्कोहोलने पुसा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा लेप) लावून नवे भरा. नुसते वरून वितळवले तर भेग बुजल्यासारखी दिसते आणि पुन्हा उघडते. त्याच पॉटचे बाकीचे सगळे सांधेही त्याच बैठकीत करून टाका.

पितळी_खुंटी

आठही पाय नव्याने भरले. काल रात्री दीडच्या खुणेवर दोन तास ऐकले. दोन्ही बाजू बोलत होत्या. नॉब अगदी शून्याजवळ असताना उजवी बाजू डावीच्या केसभर आधी जागी होते, तेवढा फरक उरला आहे.

रेषाखंड

तो राहू द्या. एका दांड्यावरच्या दोन लॉग पट्ट्या तळाशी कधीच तंतोतंत जुळत नाहीत, नव्या पॉटमध्येही नाही.

सरळसोट

म्हणजे फवारला, पण पॉट उघडला नाही आणि बदललाही नाही. मग तो मागवलेला नवा पॉट?

पितळी_खुंटी

आज पोचला. खणात ठेवला आहे, पुढेमागे लागला तर असू द्यावा म्हणून.

चौथा_पाय

आठ पायांचा आहे ना?

पितळी_खुंटी

आत्ता खण उघडून मोजले. सहा.